दैनंदिन जीवनातील माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान : चारठाण्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

एकविसावे शतक हे माहिती तंत्रज्ञानाचे शतक आहे, हे विधान गेल्या पंचवीस वर्षांत इतक्या वेळा केले गेले आहे की ते तपासून पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. चर्चासत्रांची बीजभाषणे, महाविद्यालयीन स्मरणिका, शासनाच्या योजनांच्या प्रस्तावना या सर्वांत ते गृहीतकृत्य म्हणून येते. त्याच्या जोडीला जग हे एक खेडे झाले आहे, हे दुसरे विधानही असतेच. जग खेडे झाले असेल, तर प्रत्यक्ष खेड्याचे काय झाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात तो प्रश्न परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्यातल्या चारठाणा या गावाच्या निमित्ताने विचारला आहे.

चारठाणा हे यादवकालीन मंदिरे, मानस्तंभ आणि बारव यांसाठी अभ्यासकांना परिचित असलेले गाव. बाकी त्याचे जीवन मराठवाड्यातील कोणत्याही कोरडवाहू गावासारखे आहे. सोयाबीन, कापूस व तूर ही पिके, पावसावरचे अवलंबन, हंगामी स्थलांतर आणि तालुक्याच्या कचेरीशी असलेले अटळ नाते ही त्याची लक्षणे. अशा गावाच्या दैनंदिन व्यवहारात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाने कोणते स्थान मिळविले आहे, याविषयीच्या प्रचलित लेखनात तीन गृहीतके आढळतात. पहिले, तंत्रज्ञानामुळे नागरिक आणि शासन यांच्यामधील मध्यस्थ नाहीसा होतो. दुसरे, यंत्रात केलेली नोंद कागदावरील नोंदीपेक्षा अधिक सत्य असते. तिसरे, माहिती हाती आली की ज्ञानही हाती येते. ही तिन्ही गृहीतके अनुभवाच्या कसोटीवर कितपत टिकतात, हे पाहणे हा या चिकित्सेचा हेतू आहे.

जे मिळाले ते

चिकित्सा म्हणजे निषेध नव्हे. म्हणून प्रथम लाभाची बाजू नोंदविणे न्याय्य ठरेल. भारतात भ्रमणध्वनी आणि सर्वसामान्यांसाठी इंटरनेट या दोन्ही सेवा १९९५ साली सुरू झाल्या. ग्रामीण भागात त्या पोहोचण्यास पुढे बराच काळ जावा लागला. तोवर दूरगावच्या माणसाशी बोलायचे तर बसथांब्याजवळील एसटीडी बूथसमोर रांग लावावी लागे. तातडीचा निरोप तारेने येई, आणि तार आली म्हणताच घरात रडारड सुरू होई. ती तारसेवाही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. ऊसतोडीसाठी दिवाळीच्या सुमारास गाव सोडून पश्चिम महाराष्ट्राकडे जाणाऱ्या कुटुंबाला मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांची खबर पूर्वी चार-चार महिने मिळत नसे. आज ती रोज रात्री मिळते, चेहरा पाहून मिळते. हा बदल कोणत्याही आकडेवारीत मावणारा नाही आणि त्याचे मोल कमी लेखणे हा शहरी अभ्यासकाचा उद्दामपणा ठरेल.

त्याचप्रमाणे डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून ऑनलाइन उपलब्ध झाला. एका उताऱ्यासाठी तलाठ्याच्या सज्जावर तीन खेपा घालण्याची वेळ त्यामुळे टळली. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाने ठरावीक मुदतीत सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयने किराणा दुकानापासून आठवडी बाजारातील भाजीवालीपर्यंत पैशाचा व्यवहार बदलला. ही सर्व प्राप्ती खरी आहे. प्रश्न आहे तो या प्राप्तीवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांचा.

नोंद आणि वाचणारा

चारठाणा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाच्या राज्यकारभाराची भाषा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फारसीऐवजी उर्दू झाली. शेतकरी मराठी बोलत होता आणि त्याच्या जमिनीचा कागद उर्दूत होता. कागदावर आपले नाव आहे की नाही हे समजण्यासाठी त्याला पटवाऱ्याच्या किंवा मुन्शीच्या तोंडाकडे पाहावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर १९५४-५५ चे खासरा पत्रक तयार झाले, आणि मराठवाड्यातील जमिनीच्या दाव्यांत आजही त्याचा आधार घेतला जातो. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला. पुढे १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आली आणि सातबारा मराठीत वाचता येऊ लागला. अक्षरओळख असलेल्या शेतकऱ्याला स्वतःचा कागद स्वतः वाचण्याची ही पहिली मोठी संधी होती.

हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की, नोंदीचे माध्यम बदलते तेव्हा वाचू शकणाऱ्यांचा वर्गही बदलतो. उर्दू कागदाने मुन्शीला सत्ता दिली, मराठी कागदाने ती काही अंशी शिकलेल्या मुलाला दिली. पडद्यावरील नोंद ती पुन्हा नव्या जाणकाराच्या हाती सोपवते. शेतकऱ्याला मराठी वाचता येते, परंतु परवलीचा शब्द, ओटीपी, अपलोड करावयाच्या छायाचित्राचा आकार आणि अर्ज नाकारल्याचे इंग्रजी कारण हे त्याला वाचता येत नाही. दोन पिढ्यांपूर्वी अवगत झालेली साक्षरता अशा रीतीने अपुरी ठरते.

या संदर्भात २०२३ मधील घटनाक्रम बोलका आहे. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथील मराठा आरक्षण आंदोलनानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या देखरेखीखाली मराठवाड्यातील जुन्या दप्तरांतून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तहसील, शाळा, भूमी अभिलेख अशा कार्यालयांतील निजामकालीन कागद बाहेर निघाले. त्यांचे स्कॅनिंग होऊन ते जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवण्यात आले. आरक्षणाच्या मागणीविषयी कोणाचे मत काहीही असो, या प्रक्रियेतून एक गोष्ट स्पष्ट झाली. स्कॅन केलेला कागद सर्वांसमोर आला, पण मोडी आणि उर्दू लिपी वाचणाऱ्यांची वानवा होती. जुन्या लिपीच्या जाणकारास एकाएकी मागणी आली. यंत्राने कागद दाखविला, अर्थ सांगण्यासाठी माणूसच लागला.

मध्यस्थाचे रूपांतर

तंत्रज्ञानाने मध्यस्थ नाहीसा होतो, या पहिल्या गृहीतकाची तपासणी महाराष्ट्रात फार पूर्वीच झाली आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातील ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प हाती घेण्यात आला. गावोगावच्या केंद्रांत संगणक बसवून शेतकऱ्यांना बाजारभाव, पीकसल्ला, शासकीय माहिती पुरवावी, अशी त्यामागील कल्पना होती. देशभर त्याचा गाजावाजा झाला. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी तेथील वापराचा अभ्यास केला. त्यांना असे आढळले की, ती केंद्रे प्रामुख्याने साखर कारखान्याच्या उसाच्या नोंदी व हिशेब यांसाठीच वापरली जात होती. तेवढ्या कामाला संगणकाचीही आवश्यकता नव्हती. साध्या भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशाने ते भागू शकते, हे २००७ च्या सुमारास ‘वारणा अनवायर्ड’ या प्रयोगाने दाखवून दिले.

वारणेच्या अनुभवाचा अर्थ नीट लावला पाहिजे. तेथे यंत्र अपयशी ठरले नाही. सहकारी साखर कारखाना ही जी संस्था आधीपासून सबळ होती, तिच्याच कामी ते आले. जे बाजारभावाचे व पीकसल्ल्याचे जाळे आधी अस्तित्वातच नव्हते, ते संगणक ठेवल्याने निर्माण झाले नाही. या प्रयोगातील एक संशोधक केंतारो तोयामा यांनी पुढे २०१५ च्या आपल्या पुस्तकात हाच सिद्धान्त मांडला. तंत्रज्ञान हे समाजात आधीच असलेल्या मानवी क्षमता आणि हेतू यांचे वर्धन करते, त्यांची उणीव भरून काढत नाही, असा त्याचा आशय आहे. सबळ संस्था असतील तर त्या अधिक सबळ होतात, आणि विषमता असेल तर तीही वाढते.

चारठाण्यासारख्या गावाजवळ वारणेसारखी सबळ सहकारी संस्था नाही. त्यामुळे तेथे तंत्रज्ञान ज्या जाळ्यावर उभे राहते, ते सेतू, महा-ई-सेवा केंद्र, आपले सरकार सेवा केंद्र अशा सेवाकेंद्रांचे. खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीकविमा योजना लागू झाली. अर्ज ऑनलाइन भरावयाचा असल्याने शेतकऱ्यांची गर्दी या केंद्रांवर झाली. केंद्रचालकास विमा कंपनीकडून प्रत्येक अर्जामागे ४० रुपये मिळण्याची तरतूद होती. तरीही शेतकऱ्यांकडून जादा पैसे घेतले जात असल्याच्या तक्रारी राज्यभरातून आल्या आणि शासनाला त्याविषयी वारंवार ताकीद द्यावी लागली. केंद्रचालक हा बहुधा गावातीलच बेरोजगार पदवीधर असतो. वीज, इंटरनेट, भाडे यांचा खर्च भागवून त्याला संसार चालवायचा असतो. त्याला खलनायक ठरविण्यात काही हशील नाही. मुद्दा असा की, पटवारी गेला, तलाठी आला, तलाठ्याचे पदनाम २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी झाले, आणि या सर्वांच्या शेजारी एक नवा मध्यस्थ उभा राहिला. जुना मध्यस्थ निदान शासनाचा नोकर होता, त्याच्याविरुद्ध तहसीलदाराकडे जाता येत असे. नव्या मध्यस्थाशी असलेले शेतकऱ्याचे नाते हे गिऱ्हाइकाचे आहे. हक्क मागणारा नागरिक सेवेचा ग्राहक होतो, हा या बदलाचा सर्वांत कमी चर्चिला गेलेला परिणाम होय.

नोंदीचे सत्य

दुसरे गृहीतक नोंदीच्या सत्यतेविषयीचे आहे. सातबाऱ्यातील गाव नमुना बारा हा पिकांच्या नोंदीचा. ही पीकपाहणी करणे हे पूर्वी तलाठ्याचे कर्तव्य होते. ती अनेकदा चावडीत बसूनच होते, असा आक्षेप असे आणि तो निराधार नव्हता. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात जाऊन भ्रमणध्वनीवरून पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे, अक्षांश-रेखांशांसह ते पाठवावयाचे, अशी ही पद्धत. तिच्यामागील लोकशाही तत्त्व स्वागतार्ह आहे. आपल्या पिकाची नोंद आपणच करावी, यासारखी दुसरी चांगली गोष्ट कोणती ?

परंतु कर्तव्य शासनाकडून नागरिकाकडे सरकले, की चुकीची जबाबदारीही त्याच्यासोबत सरकते. तलाठ्याने नोंद केली नाही तर तो तलाठ्याचा दोष होता. आता नोंद झाली नाही तर ती शेतकऱ्याची कसूर ठरते. शिवारात जाळे मिळाले नाही, मुदतीच्या अखेरच्या दिवसांत प्रणाली संथ झाली, जमीन आजोबांच्या नावावर आणि फोन नातवाच्या हाती, ही कारणे यंत्र ऐकून घेत नाही. नोंद नसलेले पीक सरकारदरबारी उभेच नसते, आणि हमीभावाची खरेदी वा नुकसानभरपाई यांची वाट तेथेच अडते. पीकविम्यात नुकसानीची सूचना ७२ तासांत देण्याची अट आहे. अतिवृष्टीत प्रथम वीज जाते, मग मनोरा बंद पडतो, मग फोनची बॅटरी संपते. म्हणजे ज्या घटनेची सूचना द्यावयाची, तीच घटना सूचनेचे साधन हिरावून घेते. पूर्वी पंचनाम्यासाठी माणूस येत असे. तो उशिरा येई, पण वाहून गेलेले शेत त्याला डोळ्यांनी पाहावे लागे.

उलट बाजूने पाहता, यंत्रात नोंद झाली म्हणजे ती खरी, असेही नाही. एक रुपयातील पीकविमा योजनेत शासकीय जमिनींवर आणि दुसऱ्यांच्या शेतांवर विमा उतरविल्याचे प्रकार उघडकीस आले. २०२५ मध्ये ही योजना मागे घेण्यात आली, त्यामागील कारणांत या बनावट अर्जांचा समावेश होता. प्रामाणिक माणूस मुदत चुकल्याने बाहेर राहतो आणि अप्रामाणिक माणूस सर्व रकाने बिनचूक भरून आत येतो. रकाना भरला गेला आहे की नाही एवढेच यंत्र तपासते. शिवारात कोणाचे काय उभे आहे, हे गाव जाणते. गावाचे ते जाणणे नोंदीच्या प्रक्रियेतून वगळले गेले, हे खरे दुखणे आहे.

स्त्रियांच्या बाबतीत ही समस्या अधिक तीव्र होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) भारताच्या ग्रामीण भागात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या पुरुषांचे प्रमाण ४८.७ टक्के, तर स्त्रियांचे केवळ २४.६ टक्के होते. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थींसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी बंधनकारक करण्यात आली. तीत महिलेच्या आधारबरोबर तिच्या पतीच्या अथवा वडिलांच्या आधारची पडताळणी, म्हणजे त्यांच्या फोनवर येणारा ओटीपी, अपेक्षित होता. ज्या स्त्रीचे पती आणि वडील दोघेही हयात नाहीत, तिने कोणता क्रमांक द्यावा ? या अडचणीचे निवारण करण्यासाठी पुढे स्वतंत्र सोय करावी लागली आणि मुदतही वाढवावी लागली. प्रश्न सुटला, हे योग्यच झाले. पण योजना ज्या स्त्रीला सर्वाधिक गरजेची, तीच अर्जाच्या रचनेत कोणाला आठवली नाही, ही गोष्ट तांत्रिक त्रुटी म्हणून बाजूला सारता येत नाही. संगणकीय अर्ज हे समाजाविषयीचे एक विधान असते. त्यात जे रकाने नाहीत, ती माणसे रचनाकाराच्या समाजात नाहीत.

माहिती आणि ज्ञान

तिसऱ्या गृहीतकासाठी चारठाण्याच्या मंदिरांकडेच पाहणे उचित ठरेल. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील बारवांचे नकाशावर स्थाननिश्चितीकरण, छायाचित्रण आणि स्वच्छता यांची मोहीम हौशी अभ्यासकांनी समाजमाध्यमांच्या साहाय्याने चालविली. परभणी जिल्ह्यातील अनेक उपेक्षित बारवा त्यामुळे लोकांसमोर आल्या. ज्या वास्तूसाठी पूर्वी गॅझेटियरची पाने धुंडाळावी लागत, तिथे आज पुण्या-मुंबईचा पर्यटक नकाशा पाहत थेट पोहोचतो. हे तंत्रज्ञानाचे निःसंशय यश आहे.

परंतु या वास्तूंविषयी इंटरनेटवर उपलब्ध असलेला मजकूर वाचला असता बहुतांश ठिकाणी एकच वाक्य आढळते : हे प्राचीन हेमाडपंती मंदिर आहे. हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत हा तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महादेव व रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप होता. त्याच्या दोन शतके आधी, १०६० साली उभारलेल्या अंबरनाथच्या शिलाहारकालीन मंदिरासही हीच संज्ञा सर्रास लावली जाते. चुना न वापरता केलेली दगडी बांधणी दिसली, की हेमाडपंती म्हणून मोकळे व्हायचे, ही सवय जुनीच आहे. यंत्राने तिला वेग दिला. एका पानावरील चूक शंभर पानांवर उतरते, आणि शंभर ठिकाणी आढळते म्हणून ती प्रमाण मानली जाते. मंडपातील स्तंभ मोजणे, मूर्तींची लक्षणे ताडून पाहणे, गावातील वृद्धांकडून नावांच्या परंपरा टिपून घेणे, हे सावकाशीचे काम नकाशावरील खुणेने होत नाही. माहिती मिळाल्याने हे काम संपत नाही, ते तेथून सुरू होते.

शिक्षणातही हाच धडा मिळाला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ऑनलाइन शिक्षण हाच मार्ग मानला गेला. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (२०१७-१८) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक आणि १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. जुलै २०२० मध्ये दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही शैक्षणिक मालिका सुरू झाली. नव्या साधनाची जेथे पोहोच नव्हती, तेथे जुने साधन उपयोगी पडले, ही बाब तंत्रज्ञानाच्या इतिहासात नोंदविण्याजोगी आहे. नवे म्हणजे अधिक समर्थ, हे समीकरण तेथे लागू पडले नाही.

भाषेचा प्रश्न

या साऱ्यांच्या मुळाशी भाषेचा प्रश्न आहे. पाहणी, फेरफार, पोटखराब, वहिवाट, कूळ हे शब्द शेतकऱ्याच्या जिभेवर आहेत. शतकांच्या वापराने ते मराठीत मुरले. त्यांच्या जागी आलेले ‘सबमिट’, ‘पेंडिंग’, ‘व्हेरिफाय’, ‘रिजेक्ट’ हे शब्दही कालांतराने मुरतील. आक्षेप शब्दांच्या मूळ भाषेवर नाही. ‘फेरफार नामंजूर’ या शेऱ्याखाली कारण लिहिण्याची आणि त्यावर अपील करण्याची रीत होती. ‘रिजेक्टेड’ या शब्दाखाली अनेकदा एखादा सांकेतिक क्रमांक असतो. जी भाषा उत्तर मागू देत नाही, ती कितीही मराठी असली तरी नागरिकाची भाषा नव्हे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तो दर्जा ग्रंथालयात शोभतोच, पण त्याची कसोटी सेवाकेंद्राच्या पडद्यावर लागणार आहे.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाने ग्रामीण माणसाला माणसाशी जोडले, यात त्याचे सर्वांत मोठे आणि निर्विवाद यश आहे. माणूस आणि शासन यांना जोडताना मात्र त्याने मध्यस्थ नाहीसा केला नाही, त्याचे रूप बदलले. त्याने नोंद सुलभ केली, पण नोंदीचे ओझे आणि चुकीचा दोष दुर्बळाच्या माथी ठेवला. त्याने माहितीचा पूर आणला, पण ती पारखण्याची शक्ती दिली नाही, कारण ती शक्ती देणे हे यंत्राचे कामच नव्हे.

ते काम शिक्षणसंस्थांचे आहे. येथे महाविद्यालयांची जबाबदारी स्पष्ट होते. २००१ पासून एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमांनी संगणक हाताळण्याचे कौशल्य महाराष्ट्रभर पोहोचविले, त्या पुढचा टप्पा अद्याप बाकी आहे. इतिहास विभागाने मोडी वाचनाचे वर्ग चालविणे, मराठी विभागाने शासकीय अर्जांच्या भाषेची चिकित्सा करणे, राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी पीकपाहणीच्या मुदतीत दत्तक गावातील वृद्ध आणि एकट्या स्त्रियांसोबत विनामूल्य उभे राहणे, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी नाकारलेल्या अर्जांची कारणे नोंदवून ती तहसील कार्यालयासमोर मांडणे, ही कामे फार खर्चाची नाहीत. त्यांसाठी निधीपेक्षा निश्चयाची गरज अधिक आहे.

तंत्रज्ञान आधीच असलेल्या क्षमतेचे वर्धन करते हे खरे असेल, तर क्षमता कोणाची वाढवायची, हा निर्णय समाजाने करावयाचा आहे. चारठाण्याच्या शेतकऱ्याच्या आजोबाला उर्दू कागद वाचता येत नव्हता. नातवाला पडद्यावरील अर्ज वाचता येत नसेल, तर मधल्या तीन पिढ्यांच्या शिक्षणाने नेमके काय साधले, याचे उत्तर यंत्राकडे मागता येणार नाही. ते शिक्षकांनाच द्यावे लागेल.